अर्धा किलो दर रविवारी

नरहर मुळ्यांनी वजनाचा काटा बैठकीत आणून ठेवला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डोहाळजेवणाच्या दिवशी दोननंतर घरात पुरुषाची सावलीही दिसू नये, असा त्यांच्या पत्नीचा, सुमित्राबाईंचा, हुकूम होता आणि तो मानून रवींद्र आणि जयंत हे दोघे सुपुत्र शेजारच्या तिवारींच्या व्हरांड्यात पत्ते कुटत बसले होते. पण नरहरराव पुरुष म्हणून आलेच नव्हते. ते कारखान्याच्या तपासणी विभागातले तीस वर्षांचे अनुभवी अधिकारी म्हणून आले होते आणि त्या नात्याने ते कुठेही जाऊ शकत. त्यांनी झोपाळ्याला बांधलेल्या शेवंतीच्या माळा हाताने बाजूला केल्या, फरशी समतल आहे की नाही ते स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिलं आणि आत बघून म्हणाले, "शशी, रिकामा सिलिंडर आण."

शशिकलाने आणला. थोरल्या सुनेला तिच्या कोलार रोडवरच्या वेगळ्या बिऱ्हाडातून सकाळी सात वाजता बोलावून घेतलं होतं ते याचसाठी. घरात एक सून गरोदर असली की दुसरीने काय काय उचलायचं, याची मुळ्यांच्या घरी यादी करावी लागत नसे. बिट्टन मार्केटच्या हाटातून आणलेल्या मटारच्या आणि पालकाच्या दोन पिशव्या, चाळीस बायकांची बटाटेवड्यांची भाजी आणि आता हा सिलिंडर.

रिकाम्या सिलिंडरवर त्याचं वजन कोरलेलं असतं. दर रविवारी सकाळी आठ वाजता अप्पा, म्हणजे नरहरराव, आधी सिलिंडर काट्यावर ठेवत, आकडा जुळला की मान डोलावत आणि मग त्याच जागेवर धाकट्या सुनेला, अनुराधाला, उभं करत. आजच्या रविवारी मात्र पाहुण्यांसमोर दाखवायचं म्हणून वजन दुपारवर ठेवलं होतं. काटा कारखान्याच्या भंगाराच्या लिलावातला, लोखंडी, उभ्या दांड्याचा होता. त्याच्यापुढे दवाखान्यातला स्प्रिंगचा काटा म्हणजे पोरखेळ, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई अनुराधाच्या कार्डावर काय लिहितात हे त्यांनी कधी विचारलं नाही. घरी बिनचूक आकडा असताना बाहेरचा कशाला बघायचा?

आलेख भिंतीवर लागला होता. हिरवा ग्राफपेपर, त्यावर शाईने ओढलेली तिरकी सरळ रेघ आणि रेघेवर दर रविवारचा एक ठिपका. गरोदरपणात दहा-बारा किलो वजन वाढावं, असं दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात अप्पांनी वाचलं आणि घरी येऊन त्यांनी त्याचे आठवड्यांनी तुकडे पाडले. दर रविवारी अर्धा किलो. दोनशे ग्रॅम इकडेतिकडे चालतील, त्याच्या पलीकडे माल नापास. अनुराधा सेहेचाळीस किलोंवर सुरू झाली होती आणि पाचव्या महिन्यापासून तिने एकही रविवार चुकवला नव्हता. ठिपके रेघेवर असे बसले होते की कारखान्यातल्या लेथवरच काढलेत.

"बघ," अप्पा म्हणाले, "याला म्हणतात कंट्रोल."

शशिकलाने बघितलं. तिला त्यातलं फार कळत नव्हतं. तिने आयुष्यात दोन बाळंतपणं काढली होती आणि दोन्ही वेळा तिचं वजन सरळ रेघेत वाढलं नव्हतं. पण तेव्हा घरात काटा नव्हता आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

चौथ्या महिन्यात मात्र हा आलेख दोनदा घसरला होता आणि त्या दोन रविवारांनी या घराचं जे काही झालं, ते शशिकलाला कोलार रोडपर्यंत ऐकू आलं होतं. सुमित्राबाईंचं शास्त्र वेगळं होतं. बाई जेवढी कमी खाईल तेवढं मूल आटोपशीर आणि मूल आटोपशीर तर बाळंतपण सुखाचं. पोटात जागा एकच, ती बाळाला द्यायची की भाताला? म्हणून रात्री पेज. केळं थंड, पपई विषासमान, पालकाने पोटात वारा धरतो, दही सर्दीचं. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्यांनी मूल काळं निपजतं, तरी अप्पांनी आणल्यात म्हणून त्या द्यायच्या, पण चहाबरोबर, म्हणजे बाधणार नाहीत. आणि त्या खरंच बाधत नसत. कुठल्याच अर्थाने काही करत नसत.

तिकडे इंदूरहून अनुराधाच्या आई, शालिनीबाई, दोन जिवांचं खा म्हणून दर पंधरवड्याला डबे पाठवत. साजूक तूप, खोबऱ्याच्या वड्या, बदामाचा शिरा. डब्याबरोबर पत्र असे आणि पत्रात सुमित्राबाईंची तब्येत इतक्या अगत्याने विचारलेली असे की त्या दोन दिवस जेवत नसत. मग डबे वरच्या कपाटात जात आणि पाहुण्यांपुढे येत. आलेख घसरला त्या रविवारी अप्पा म्हणाले, तुझी पेज नापास. सुमित्राबाई म्हणाल्या, तुमचा काटा भंगारातला. जयंत शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा होता आणि त्या दिवशी दोघंही शेवटी बोलली. चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. पाचव्या महिन्यापासून ठिपके रेघेवर यायला लागले आणि सगळ्यांचं खरं ठरलं. अप्पांना वाटलं काटा जिंकला, सुमित्राबाईंना वाटलं पेज जिंकली, इंदूरला वाटलं तूप जिंकलं.

साडेतीनला शालिनीबाई आल्या. दारातच दोन्ही विहिणींनी एकमेकींना मिठी मारली आणि एकमेकींच्या खांद्यावरून घराची पाहणी केली. शालिनीबाईंनी आलेख पाहिला, जवळ जाऊन ठिपके मोजले आणि त्यांचं तोंड उतरलं. त्या लेकीला दोन महिने इंदूरला न्यायची बोलणी करायला आल्या होत्या आणि इथे भिंतीवर लेखी पुरावा लावलेला होता.

"माझ्या हातचं साधंच असतं हो," सुमित्राबाई म्हणाल्या. "पण अंगी लागतं."

रवा मोजायला म्हणून शशिकला आत गेली. तराजू फळीवर होता; वजनांचा डबा उघडला तर त्यात शंभर आणि पन्नास ग्रॅमची दोन वजनं एकमेकांना टेकून पडली होती. सुमित्राबाई बाजारातून आलेली प्रत्येक भाजी घरी पुन्हा जोखून घेत, भाजीवाल्यांची सबंध जमात त्यांच्या लेखी संशयित होती. त्या घरात किलोचं वजन नसावं हे नवल होतं. तिने विचारलं.

"नाहीयेत," सुमित्राबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आधी अर्ध्या किलोचं गेलं. मग किलोचं. आता दोनशेचं. पाय फुटलेत. असो, नवीन घरात लागतात वस्तू माणसाला. मी काही बोलले का?"

नवीन घर कोलार रोडवर होतं. शशिकलाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. अकरा वर्षांत तिने या घरातून नेलेल्या वस्तू तिला नीट आठवत होत्या, आणि त्यांत वजनं नव्हती. तिने रवा वाटीने मोजला आणि अनुराधाला साडी नेसवायला आतल्या खोलीत गेली.

ही खोली तिला नको वाटे. खिडकीतून कारखान्याची पाण्याची टाकी दिसते, खिडकीखाली लोखंडी खाट आहे आणि खाटेवर आता अनुराधा बसली होती. हातात गूळ आणि फुटाणे होते. वहिनीला बघताच तिने मूठ पाठीमागे नेली.

"खा ग," शशिकला म्हणाली, "मला काय लपवतेस."

अनुराधाने खाल्ले. भराभर, शेवटचा फुटाणा तळहातावरून जिभेने उचलून. मग ती उभी राहिली आणि शशिकलाने हिरव्या साडीचं टोक तिच्या कमरेशी खोचलं, तर बोटांना काहीतरी टणक लागलं. परकराच्या नाडीला आतून एक कापडी पिशवी बांधलेली होती. शशिकलाने पिशवी बाहेरूनच चाचपली. एक मोठं, एक मधलं, एक लहान. मुळ्यांच्या घरात भाजी जोखायच्या सबंध सरंजामाचा तिथे मुक्काम होता.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून," अनुराधा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "वहिनी, त्या दोन रविवारी काय झालं होतं ते तुम्ही नव्हतात बघायला. आई जेवायच्या नाहीत, अप्पा बोलायचे नाहीत, हे माझ्यावर चिडायचे. मग मी एका रविवारी अर्ध्या किलोचं बांधलं. अप्पांनी मला शाबासकी दिली. सगळे हसले. पुढच्या वेळी कमी कसं करणार?"

"जयंतला माहीत आहे?"

"त्यांना सांगितलं तर ते अप्पांना सांगतील. अप्पा आईंना. आई इंदूरला पत्र लिहितील."

टपालखात्याने तक्रार करू नये अशी ही व्यवस्था होती. शशिकलाने दवाखान्याचं कार्ड मागितलं. ते ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत होतं. त्यावर स्प्रिंगच्या पोरखेळाने शुक्रवारी लिहिलं होतं: एकोणपन्नास. सात महिन्यांत तीन किलो. रक्त साडेसात. खाली डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात, की पोट दिवसांच्या मानाने महिन्याने मागे आहे, बाळ बारीक वाटतं, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर भरती करावं. आणि त्याच्याही खाली त्यांनी मुलांना लिहून द्यावं तसं ठळक लिहिलं होतं: तिन्ही वेळ पोटभर जेवण, डाळ, पालेभाजी, दूध, गूळ-चणे, गोळी चहाबरोबर नाही, लिंबाच्या सरबताबरोबर.

"मला भूक लागते वहिनी," अनुराधा म्हणाली. "रात्री फार लागते. पण आज काही बोलू नका. माझी आई आलीय. तिच्यासमोर नको."

शशिकला निऱ्या घालत राहिली. बोलायचं नाही हे या घरात तिला कुणी शिकवायला नको होतं. अकरा वर्षांपूर्वी याच खाटेवर तिनेही पेज प्यायली होती. आठव्या महिन्यातच तिला मुलगी झाली, एवढीशी, आणि नवव्या दिवशी गेली. नशिबात नव्हती असं सगळ्यांनी ठरवलं, आणि तिनेही ठरवलं, कारण दुसरं काही ठरवलं असतं तर या घरात उभं राहणं जमलं नसतं. पुढे मुलगा झाला तो उज्जैनला, माहेरी, तीन वेळ जेवून, सव्वातीन किलोचा. तो फरक तिला तेव्हाच कळला होता. कळला आणि तिने तो गिळला. आज अनुराधाच्या पोटावरून पदर घेताना तिला स्वतःचाच राग आला.

चारपर्यंत वसाहतीतल्या बायका जमल्या. अनुराधाला फुलांचे दागिने घातले, झोपाळ्यावर बसवलं. तिवारीभाभींनी फोटो काढले आणि "अरे वा, बहू तो एकदम परी लग रही है, पेट तो दिखता ही नहीं" असं कौतुक केलं, ते सुमित्राबाईंनी हातात तबक धरून मानाने स्वीकारलं. मग दोन वाट्या आल्या, एकीखाली बर्फी, दुसरीखाली पेढा. जी उचलेल त्यावरून मुलगी की मुलगा ते ठरतं. अनुराधाने वाटी उचलली, बर्फी निघाली, तिने ती खाल्ली. मग दुसरी वाटी उचलून पेढाही खाल्ला. बायका हसल्या, जुळं आहे म्हणाल्या. मग ती रिकाम्या बशीकडे बघत राहिली, आणि ते बघणं फक्त दोघींना दिसलं. एक शशिकला. दुसऱ्या शालिनीबाई.

ओटी भरायच्या आधी अप्पांनी घसा साफ केला. पाच मिनिटांचा कार्यक्रम आहे, ते म्हणाले, आणि व्हरांड्यातून जयंतला वही घेऊन बोलावलं. बायकांनी पदर सावरले. अनुराधा झोपाळ्यावरून उतरली, काट्यावर चढली. अप्पांनी दांड्यावरची खूण सरकवली, फुलांच्या दागिन्यांचे म्हणून शंभर ग्रॅम वजा केले, कारण ते अन्याय करणारे नव्हते.

"पन्नास किलो सातशे."

"परफेक्ट है, अप्पा," जयंत म्हणाला आणि त्याने लिहिलं. अप्पांनी पेन्सिलीने रेघेवर ठिपका दिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"आता सांगा विहीणबाई," सुमित्राबाई म्हणाल्या, "हिला इंदूरला न्यायची काही गरज आहे?"

शालिनीबाईंनी लेकीच्या मनगटाकडे पाहिलं. त्यावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण आकड्यापुढे आईचं काय चालणार? "नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे सुखात आहे ती." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

पंधरा दिवस. शशिकलाच्या मनात तेवढंच आलं. आणखी दोन रविवार, आणखी दोन ठिपके, आणि हाच ठराव मंजूर. ती पुढे झाली. तिची पाळी होतीच. थोरल्या जावेने पहिली ओटी भरायची असते. पण तिने तबकाला हात लावला नाही. ती काट्यासमोर उभी राहिली आणि तिने स्वतःचाच पदर पसरला.

"अनू," ती म्हणाली, "आज तू माझी भर."

बायकांना वाटलं ही उज्जैनची काही रीत असेल. अनुराधाने तिच्याकडे पाहिलं. शशिकलाने पदर मागे घेतला नाही. काट्याचा दांडा तेवढा थोडा हलत होता. मग अनुराधाने मान खाली घातली, साडीच्या आत हात घालून नाडीची गाठ सोडली आणि पिशवी वहिनीच्या पदरात टाकली. दांड्याचं टोक खाली गेलं आणि खालीच राहिलं.

अप्पांना सवयच होती. त्यांचा हात आपोआप खुणेकडे गेला, ती मागे सरकत गेली आणि एकोणपन्नासवर थांबली. वहीत लिहावं की नाही ते जयंतला कळेना.

शशिकलाने पिशवी उघडली. तिने किलोचं वजन काढलं, अर्ध्या किलोचं काढलं, आणि दोन्ही सुमित्राबाईंच्या ओंजळीत ठेवली. "ही तुमची वजनं, आई. कोलार रोडला नव्हती गेली. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, बाळ बारीक आहे."

"आणि ते दोनशेचं?" सुमित्राबाई म्हणाल्या. घरचा जिन्नस, सवय जाते कुठे.

"ते नको," शशिकला म्हणाली. "एवढंच धरून बघा. दीड किलो. एवढी होती माझी."

या घरात त्या मुलीबद्दल अकरा वर्षांत एक वाक्य बोललं गेलं नव्हतं, आणि आता ते तिवारीभाभींसह चाळीस बायकांनी ऐकलं. सुमित्राबाई वजनांकडे बघत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली नाहीत. त्यांचे हात जरा वर आले, छातीशी, आणि तिथेच थांबले, जसे ते नऊ दिवस थांबत असत. शशिकलाला ते आठवलं आणि तिला रडू आलं. त्या नऊ दिवसांत मुलीला मांडीवर घेऊन जागलेल्या याच होत्या.

अप्पा आलेखाकडे बघत होते. त्यांनी खोडरबर काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि रेघेच्या खाली, मोकळ्या जागेत, एकोणपन्नासचा ठिपका दिला. मग थोरल्या सुनेकडे न बघता म्हणाले, "तेव्हा आपल्याकडे काटा नव्हता ग."

"काटा नव्हता, अप्पा," शशिकला म्हणाली. "भूक होती. ती मी सांगितली होती."

शालिनीबाई उठल्या होत्या, लेकीला काट्यावरून उतरवून घेत होत्या, आणि आता इंदूरची गाडी किती वाजता असते ते मोठ्याने विचारणार होत्या. पण त्यांच्याआधी सुमित्राबाई हलल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, वरच्या कपाटाचं दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात ताट होतं. भात, वरण, पालकाची भाजी, तिच्यावर इंदूरचं तूप, बाजूला दोन खोबऱ्याच्या वड्या. ताट थोडं तिरकं झालं होतं, कारण दुसरा हात त्यांनी मोकळा केला नव्हता.

त्यांनी ताट अनुराधापुढे ठेवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"जेव," त्या म्हणाल्या. "ओटी नंतर भरू."

अनुराधा जेवायला लागली. चाळीस बायका, दोन विहिणी आणि एक सीनियर इन्स्पेक्टर तिच्याकडे बघत राहिले. सुमित्राबाईंनी शशिकलाचा हात धरून तिला शेजारी बसवलं, आणि धाकटीचं ताट रिकामं होईपर्यंत दीड किलोची ती दोन वजनं त्यांच्या मांडीवर होती.